एकशे चौदा प्रश्नचिन्हं

प्रयोगशाळेत मला सगळे ‘बहुतेकराव’ म्हणत. नाव चुकीचं नव्हतं. डबा आणलाय का, असं कोणी विचारलं तरी मी ‘बहुतेक’ म्हणायचो आणि पिशवीत हात घालून बघायचो. घरीही तेच. आमची ही जाऊन आता चार वर्षं झाली. ती असताना कोणी पाहुणा आला की हमखास सांगायची, "मुलगी पसंत आहे का म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, बहुतेक. माझ्या वडिलांनी तोच होकार धरला आणि तारीख काढून मोकळे झाले."

सासऱ्यांचा हा मोकळेपणा प्रयोगशाळेत नव्हता. तिथे माझं ‘बहुतेक’ नेमकं उलट धरलं जायचं. त्याचीच ही गोष्ट आहे. नीट सांगता येईल की नाही, शंका आहे.

माझं काम झाडांच्या मुळांतली बुरशी मोजण्याचं. बुरशी म्हटलं की लोकांना शिळ्या पावावरची आठवते. ही तशी नव्हे. ही मातीत राहते, झाडाच्या कोवळ्या मुळात शिरते आणि तिथे दोघांची देवघेव चालते. बुरशी मातीतून स्फुरद आणि पाणी आणून देते, झाड तिला साखर देतं. पुस्तकांत तिला मायकोरायझा म्हणतात, आम्ही नुसतं ‘जोडी’ म्हणायचो. या मुळात जोडी आहे का? आहे. नाही. माझी एकतीस वर्षांची नोकरी या दोन शब्दांत संपते.

जोडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी केसासारखी बारीक मुळं धुवायची, पोटॅशच्या पाण्यात गरम करून त्यांचा सगळा रंग काढून टाकायचा, सौम्य आम्लात बुडवायची आणि मग निळ्या रंगात ठेवायची. हा रंग बुरशीला धरतो, मुळाला फारसा धरत नाही. मग मुळांचे तुकडे काचपट्टीवर ओळीने मांडायचे, वर पातळ काच ठेवायची आणि तिच्या कडा नेलपॉलिशने बंद करायच्या. हो, बायका नखांना लावतात तेच. काचेच्या कडा बंद करायला त्याच्यासारखं स्वस्त आणि पक्कं दुसरं काही नाही. दुकानात जाऊन बिनरंगी नेलपॉलिशच्या सहा बाटल्या मागताना मला घाम फुटायचा. दुकानदार विचारायचा, "वहिनींना एवढं लागतं?" मी म्हणायचो, "बहुतेक."

मायक्रोस्कोपखाली मुळाच्या पेशी एकाशेजारी एक लांबट खोल्यांसारख्या दिसतात. त्यांच्या मधल्या बोळातून बुरशीचा निळा धागा जात असतो. मधेच तो एखाद्या खोलीची भिंत ओलांडून आत शिरतो. आत पेशीचा पातळ पडदा असतो. धागा तो फाडत नाही. पडदाच त्याच्याभोवती हातमोज्यासारखा बसत जातो. मग धाग्याला फांदी फुटते, तिला दोन, त्या दोनांना चार, आणि ती सगळी खोली एका निळ्या झुडपाने भरून जाते. झाडाच्या मुळात, केसाहून अरुंद जागेत, पुन्हा एक झाड. मी ते हजारो वेळा पाहिलं असेल. दर वेळी कोणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटायचं, आणि एकदाही मी हाक मारली नाही.

हे झुडूप फार टिकत नाही. आठ-पंधरा दिवसांत ढासळतं आणि त्याचा एक गोळा उरतो. त्याला आम्ही ‘चोथा’ म्हणायचो, संत्र्याची फोड चोखून उरतो तसा. चोथा दिसला की इथे जोडी होती हे सिद्ध, तेही ‘आहे’मध्येच धरायचं. अडचण एवढीच, की कधीकधी पेशीत नुसता रंग साचतो आणि डाग पडतो. डाग आणि चोथा दिसायला सारखेच. फरक इतकाच, की चोथ्याला देठ असतो, झुडपाच्या बुंध्याचा उरलेला. देठ सापडला तर चोथा, नाही तर डाग. माझी सगळी हुशारी असलीच तर त्या देठात होती.

आमच्या प्रमुख थोरल्या बाई. शिस्तीच्या. मोजणीच्या कागदावर त्यांनी तीन रकाने आखून दिले होते: आहे, नाही आणि प्रश्नचिन्ह. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाका. लाजू नका. पण बेरीज करताना प्रश्नचिन्ह म्हणजे नाही, हे लक्षात ठेवा." मी प्रत्येक प्रश्नचिन्हापुढे मायक्रोस्कोपच्या पट्टीवरचे दोन आकडेही लिहून ठेवायचो, म्हणजे पुन्हा नेमकी तीच जागा काढता यावी. पुन्हा बघायची वेळ फारशी कधी आली नाही.

मग संशोधनासाठी धाकट्या बाई आल्या. त्या चौतीस वर्षांच्या, मी पन्नाशीचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "हा रंग ताजा आहे ना?" मी म्हणालो, "बहुतेक." दुसऱ्या दिवशी, "पोटॅश बदललं का?" "बहुतेक." तिसऱ्या दिवशी त्या दारातूनच म्हणाल्या, "नमस्कार बहुतेकराव!" आणि ते नाव मला चिकटलं. मला राग आला नाही. त्या नावाने हाक मारायला कोणीतरी रोज दारात थांबतंय, हेच मला नवीन होतं. मी वाचत असलेलं पुस्तक त्या उचलून बघायच्या, परत न करता घेऊन जायच्या आणि आठवड्याने मधे आपल्या खुणा घालून आणून द्यायच्या. याहून जास्त काही नव्हतं. पण माझ्यासारख्या माणसाला तेवढंही पुष्कळ होतं, हे इथे लिहून टाकतो.

त्यांचा प्रयोग एका बंद पडलेल्या खाणीवर होता. खाणीतून उपसलेल्या दगड-मुरमाचा एक मोठा ढीग होता, त्यावर गवतसुद्धा धरत नव्हतं. बाईंनी तिथे तुतीची रोपं लावली. निम्म्या रोपांच्या खड्ड्यांत त्यांनी एका जुन्या तुतीच्या बनातली माती घातली, बुरशीसकट. उरलेल्या निम्म्यांना काहीच नाही. मातीवाल्या रोपांना त्या ‘माझी पोरं’ म्हणत आणि बाकीच्यांना ‘पाहुणे’. तीन वर्षांनी मुळं काढून मोजणी करायची होती. संस्थेच्या समितीने आधीच ठरवलं होतं: बाईंच्या पोरांच्या मुळांत बाराशे जागा तपासायच्या आणि त्यांतल्या निदान तीनशे साठ जागी जोडी दिसली पाहिजे. दिसली तर प्रयोग पुढे चालेल आणि बाईंची नोकरीही. नाही तर ढीग खाणवाल्यांना परत. ते सपाट करायला टपूनच बसले होते.

मोजणी अर्थातच मी करायची. कुठली स्लाइड पोरांची आणि कुठली पाहुण्यांची हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, असा नियम होता. काचेवर फक्त क्रमांक. कुठला क्रमांक कोणाचा याची वही थोरल्या बाईंच्या कपाटात कुलपात.

एकशे वीस स्लाइडी होत्या. साठ बंद करून झाल्या आणि बिनरंगी बाटली संपली. दुकान लांब होतं आणि मुळं वाळायला लागली होती. धाकट्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पर्स उघडली आणि फिकट गुलाबी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

"हे चालेल?"

"बहुतेक."

"लावा हो. काचेला कुठे लग्नाला जायचंय."

मी उरलेल्या साठ स्लाइडींच्या कडा गुलाबी केल्या. संध्याकाळी बाई पुन्हा आल्या, डब्यात डोकावल्या आणि हसत म्हणाल्या, "अरे वा, माझी सगळी पोरं गुला—" आणि त्यांनी जीभ चावली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रोपं खोदून त्यांनीच आणली होती, त्यामुळे मुळांची कुठली जुडी कोणाची हे त्यांना माहीत होतं. जुड्या माझ्याकडे ओळीने आल्या होत्या, म्हणून दुसऱ्या साठ नेमक्या त्यांच्याच निघाल्या. खरं तर तेव्हाच जाऊन थोरल्या बाईंना सांगायला हवं होतं. कडा पुसून सगळ्यांना बिनरंगी लावून क्रम बदलला असता तरी काम भागलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम. पण तसं सांगणं म्हणजे बाईंच्या तोंडून निसटलं हेही सांगणं. मी म्हणालो, "मी काही ऐकलं नाही." त्या म्हणाल्या, "मी काही बोलले नाही." आणि त्या गेल्या.

पुढचे पाच आठवडे मी मोजत होतो. बिनरंगी कडांच्या स्लाइडी सरळ गेल्या. नाही, नाही, नाही, क्वचित एखादं आहे. गुलाबी कड समोर आली की माझा हात थांबायचा. उघड झुडूप असेल तर ठीक, ‘आहे’ लिहायचो. पण चोथा दिसला की मनात यायचं, हा मला चोथा दिसतोय, की मला तो दिसायला हवा आहे म्हणून दिसतोय? देठ दिसायचा. मग तो देठ आहे की पेशीची सुरकुती? मी डोळा चोळायचो, पुन्हा बघायचो, देठ तिथेच असायचा, आणि मी प्रश्नचिन्ह टाकायचो. कोणी म्हणू नये की बहुतेकरावांनी बाईंच्या पदरात झुकतं माप टाकलं. कोणी म्हणणार नव्हतं. तसं म्हणणारा तिथे मी एकटाच होतो.

एकूण एकशे चौदा प्रश्नचिन्हं झाली.

थोरल्या बाईंनी मला बोलावलं. कागद त्यांच्यापुढे होते. "इतकी प्रश्नचिन्हं तुमच्यासुद्धा हातून कधी झाली नव्हती. समितीच्या बैठकीला आठवडा आहे. ही एकशे चौदा पुन्हा बघून घ्या."

मी जागेवर आलो, एक जागा काढली, दहा मिनिटं बघितली. देठ होता. मी परत गेलो आणि म्हणालो, "नाही जमायचं बाई. नक्की सांगता येत नाही."

"बघा हं."

"नाही सांगता येत."

त्यांनी कागद बंद केले. बेरीज दोनशे चौसष्ट आली. तीनशे साठ हवे होते.

धाकट्या बाईंचा शेवटचा दिवस मला आठवतो, पण बाईंचा चेहरा आठवत नाही. कारण त्या दारात येऊन "येते बहुतेकराव" म्हणाल्या तेव्हा मी मायक्रोस्कोपमधून डोळा काढला नाही. खाली स्लाइडसुद्धा नव्हती. नुसता पांढरा उजेड होता. मला वाटलं, यांना सगळं कळलंय. त्या एका शाळेत शिकवायला लागल्या, एवढं पुढे कानावर आलं. खाणीचा ढीग त्याच वर्षी सपाट झाला. थोरल्या बाई निवृत्त झाल्या आणि नंतर वारल्या. मीही निवृत्त झालो. जुन्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा मी माझा मायक्रोस्कोप विकत घेतला. तो घरी खिडकीपाशी ठेवला. त्याच्यावर मी एवढ्या वर्षांत तांदळातले किडे, मिठाचे खडे आणि स्वतःच्या मिशीचा केस बघितला आहे.

हे सगळं आपोआप मिटलं असतं. पण माझी पुतणी त्याच संस्थेत लागली. लहानपणी ती मुंग्यांच्या मागे घरभर रांगायची, म्हणून तिचं नाव मुंगी. गेल्या वर्षी प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली. एका सकाळी मुंगी दोन लाकडी डबे आणि एक फाइल घेऊन आली.

"काका, हे टाकायला निघाले होते. वर तुझं अक्षर दिसलं. किती रे सुंदर अक्षर, आणि सगळीकडे प्रश्नचिन्हं! काय परीक्षेचा पेपर काढत होतास?"

मी झाकण उघडलं. एका डब्यात बिनरंगी कडा, दुसऱ्यात गुलाबी. रंग थोडा उडाला होता.

फाइलमध्ये ती कपाटातली वहीही होती. मुंगी जमिनीवर बसून कागद वहीशी ताडून बघायला लागली. मी चहा केला, तो निवला, दुसरा केला. तासाभराने तिने मान वर केली.

"काका, गंमत बघ. एकशे चौदातली एकशे सहा प्रश्नचिन्हं माती घातलेल्या रोपांची आहेत. जिथे काही नव्हतं तिथे तू बेधडक ‘नाही’ लिहिलंयस. जिथे होतं तिथेच अडलायस. म्हणजे तुझी शंका बरोबर होती! तुझ्या डोळ्याला कळत होतं, तुलाच कळत नव्हतं. यावर लेख होईल एखादा."

ती इतकी खूश झाली होती, की मला गप्प बसता आलं असतं. सव्वीस वर्षं बसलोच होतो.

"मुंगे, कडा बघ," मी म्हणालो.

"कसल्या?"

"काचांच्या."

मग मी तिला सगळं सांगितलं. गुलाबी बाटली, चावलेली जीभ, देठ. ती ऐकत गेली आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. शेवटी तिने विचारलं, "मग त्यांना सांगितलंस का तू कधी?"

"त्यांना माहीत असणार."

"असणार म्हणजे काय? बहुतेक?"

हे तिने हसत म्हटलं नाही.

प्रत्येक प्रश्नचिन्हापुढे पट्टीचे आकडे होते आणि मायक्रोस्कोप तोच होता. आम्ही गुलाबी डब्यातली पहिली स्लाइड लावली, आकडे जुळवले, आणि सव्वीस वर्षांपूर्वी मी जिथे डोळा चोळला होता तिथेच जाऊन पोचलो. फिकट निळा चोथा. त्याला देठ. मुंगी म्हणाली, "अरे, हा तर ढळढळीत आहे!" आम्ही अशा दहा जागा बघितल्या. दहाही ढळढळीत. अकरावी लावायचं मला धैर्य झालं नाही.

पत्र लिहायचे माझे तीन प्रयत्न फसले. शेवटी मुंगीने शाळेतून पत्ता काढला, मायक्रोस्कोप चादरीत गुंडाळून फाइल आणि गुलाबी स्लाइडींच्या डब्यासह पिशवीत घातला, मला रिक्षात बसवलं आणि म्हणाली, "वर मी येणार नाही. मी आले की तू मलाच बोलायला लावशील."

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दर मजल्यावर पिशवी खाली ठेवून मी थांबत होतो. दार त्यांनीच उघडलं. केस सगळे पांढरे, चष्मा जाड. क्षणभर त्यांनी मला ओळखलं नाही. मग म्हणाल्या, "बहुतेकराव?"

"हो," मी म्हणालो. हे एक तरी नक्की होतं.

खोलीत मुलांनी केलेले तक्ते होते, पानांचे, बियांचे. त्या पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी पाणी आणलं, माझी, मुलाबाळांची विचारपूस केली. मी पिशवीकडे बघत होतो.

"बाई, मी माफी मागायला आलोय. तुम्हाला माहीतच आहे कशाची."

"मला? काय माहीत आहे?"

"मोजणीचं. प्रश्नचिन्हांचं."

"कसली प्रश्नचिन्हं?"

त्यांनी कागद कधी पाहिलेच नव्हते. बैठकीत त्यांच्यासमोर एकच ओळ आली होती: बाराशेपैकी दोनशे चौसष्ट.

"तुम्हाला काय वाटलं मग?" मी विचारलं. "कमी का आले असं वाटलं?"

"वाटायचंय काय त्यात? माती मेली होती." त्या सहज म्हणाल्या, पाठ झालेलं म्हणावं तशा. "बनातून माती आणली आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्या बहिणीचं लग्न. ती म्हणाली, ताई तू नसलीस तर मी उभीच राहणार नाही. म्हणून गेले. दोन दिवस पोती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. उन्हाने भाजली. अर्धी बुरशी तिथेच गेली असणार. वर्गात मी मुलांना सांगायचे, तुमच्या बाई शास्त्रज्ञ व्हायला निघाल्या होत्या, माती भाजून बसल्या. मुलं खूप हसायची."

"आणि बहीण?"

"तिला मी नको ते बोलले. तुझ्या लग्नापायी माझी तीन वर्षं गेली, असं. ती कधी उलटून बोलली नाही. पण नंतर घरी येताना आधी विचारून यायला लागली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता नाही ती. सहा वर्षं झाली."

जिना चढताना मी जे जे बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं. मी उठून जाऊ शकलो असतो. जुनी आठवण म्हणून भेटायला आलो होतो, असं म्हणता आलं असतं. मी फाइल काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"माती मेली नव्हती," मी म्हणालो. "माती उत्तम होती."

आणि मी सगळं सांगितलं, यावेळी मुंगीला सांगितलं त्याहूनही सविस्तर. गुलाबी कड आली की हात कसा थांबायचा, तेही. का थांबायचा, तेही. ते सांगताना मी तक्त्यावरच्या बिया मोजत होतो. एकवीस होत्या.

बाई पानं उलटत होत्या. शेवटच्या पानाशी येऊन म्हणाल्या, "म्हणजे मी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं, तर…"

"नाही."

"मीच बोलून बसले ना. आणि बाटलीही माझीच."

"नाही बाई." माझा आवाज इतका मोठा निघाला, की मीच दचकलो. "तुम्ही चुकून बोललात. मी पाच आठवडे रोज ठरवून चुकलो. देठ दिसत होता मला. थोरल्या बाईंनी परत बघायला सांगितलं तेव्हाही दिसत होता. हे तुमच्या नावावर मी जाऊ देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावतील असं मला वाटत होतं, आणि त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही का आलात हो?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी तिला दोष दिला, मग स्वतःला दिला. त्याची सवय झाली होती. आता हे कुठे ठेवू मी?"

त्यांनी फाइल मिटून मांडीवरून खाली ठेवली.

मग त्यांनी पिशवीकडे बोट केलं. "तो मायक्रोस्कोप आहे ना? इथे ठेवून जा. डबाही. मी बघेन एकेक. तोवर तुम्ही येऊ नका."

मी खिडकीपाशी टेबलावर मायक्रोस्कोप मांडून दिला, आरसा उजेडाकडे वळवला, फाइलवर माझ्या पुतणीचा फोन नंबर लिहिला आणि निघालो. रिक्षात मुंगीने नुसता माझा हात धरला.

घरात खिडकीपाशी टेबलावर चौकोनी स्वच्छ जागा पडली होती, भोवती धूळ. मी ती पुसली नाही. महिना गेला, मग आणखी दहा दिवस. मग मुंगीच्या फोनवर एक निरोप आला. तिने तो मला वाचून दाखवला:

"सहा जागा वाळून गेल्या आहेत, त्या सोडल्या. उरलेल्या शंभर बघितल्या. अठ्ठ्याण्णव ‘आहे’. एक ‘नाही’. बेरीज तीनशे बासष्ट. एक जागा राहिली आहे. स्लाइड त्र्याहत्तर. मला ठरवता येत नाही. बहुतेकरावांना पाठव."

तीनशे बासष्ट. हवे होते तीनशे साठ. मुंगी म्हणाली, "काका, त्या एका जागेने आता काय फरक पडतोय?" मलाही तेच कळत नव्हतं. पण कागदावर प्रश्नचिन्ह शिल्लक ठेवायचं नाही, असं बाईंनी ठरवलं असेल, तर ते मला कळत होतं.

यावेळी जिना चढताना हातात काही नव्हतं, तरी दर मजल्यावर थांबलो. बाईंनी दार उघडलं, ‘या’ म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. टेबलापाशी खुर्ची ओढून ठेवली होती. स्लाइड लावलेलीच होती. पलीकडे भिंतीवर एका लग्नाचा फोटो होता. मागच्या वेळी तो तिथे नव्हता.

मी चष्मा काढला आणि डोळा लावला. फिकट निळं. लांबट खोली, तिच्या मधोमध एक गोल पुंजका. मी बारीक स्क्रू पुढे फिरवला, मागे फिरवला. पुंजक्याच्या भोवती चारही बाजूंनी गेलो. मला देठ हवा होता. त्या फोटोसाठी, या खोलीसाठी, मला तो इतका हवा होता, की एकदा तो दिसल्यासारखाही झाला. मी डोळा काढला, दहापर्यंत अंक मोजले आणि पुन्हा लावला.

बाई माझ्यामागे उभ्या होत्या. "काय?"

"नाही," मी म्हणालो. "डाग आहे. देठ नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी वाकून कागद ओढला. त्र्याहत्तरपुढचं माझं जुनं प्रश्नचिन्ह त्या खोडरबराने खोडायला लागल्या. पेन्सिल सव्वीस वर्षांत कागदात मुरली होती, लवकर निघेना. त्या खोडत राहिल्या. कागद तिथे पातळ झाला. मग त्यांनी त्याच्यावरच ‘नाही’ लिहिलं, खाली तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"सही करा," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाव लिहा. बहुतेकराव नको."

मी सही केली. त्यांनी चहाचं विचारलं नाही. मी मायक्रोस्कोप परत नेण्याचं विचारलं नाही. दारापर्यंत त्या आल्या. मी चपला घालत होतो तेव्हा म्हणाल्या, "त्या एका आठवड्यात एवढंच बसून बघायचं होतं तुम्ही."

"हो," मी म्हणालो.

आणि जिना उतरायला लागलो.